पत्र्याच्या पेटीतला राउटर

आमच्या घरी वायफाय आलं ते हौसेने नाही, ऑफिसच्या मेलमुळे आलं. घरून काम करणाऱ्यांनी यापुढे मोबाइलच्या इंटरनेटवर काम करायचं नाही, घरात स्वतःची लाइन आणि राउटर हवा, आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर त्याची तपासणी होईल, असं त्या मेलमध्ये होतं. तपासणीत जो पास होणार नाही त्याने पुढच्या आठवड्यापासून ऐरोलीच्या ऑफिसात हजर व्हायचं.

मी मेल स्वयंपाकघरात उभी राहून वाचली आणि आईला मराठीत सांगितली. आई मेथी निवडत होती. आमच्या घरात अशा गोष्टींचा अर्थ लगेच कळतो. दीड वर्षापूर्वी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. आता ते चालतात, बोलतात, जेवतात, पण उजव्या हाताची पकड अजून परत आलेली नाही आणि उठताना मध्येच चक्कर येते. एकदा मोरीत पडले होते. त्यांना एकटं ठेवता येत नाही. आई सकाळी साडेसातला बालवाडीत मावशीच्या कामाला जाते ती अडीचला येते. तेवढ्या वेळात मी घरात असते. इंद्रलोक वसाहतीच्या मागे आमची इमारत आहे, तिथून ऐरोलीला जायला अडीच तास, यायला अडीच तास. म्हणजे मी ऑफिसला जायला लागले तर आईने घरी बसायचं.

"मीच सोडीन," आई म्हणाली. "तुझी गेली तर अशी परत मिळायची नाय."

एवढंच बोलून तिने मेथीच्या काड्या पिशवीत भरल्या. पण तिला ते काम आवडतं हे मला माहीत आहे. दुपारी घरी आली की चप्पल काढता काढताच सुरू होते: आज कोण रडलं, कुणी डब्यातला लाडू खिशात लपवला, कोण तिचा पदर सोडायला तयार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिला घराबाहेर कुणीतरी ओळखतं. सोमवारी अकरा वाजता तपासणी माझी होती, पण नोकरी तिची जाणार होती. पुढचे चार दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

*

मी इंग्रजी माध्यमात शिकले. मराठी आम्हाला तिसरी भाषा होती, शंभरापैकी पस्तीस मिळाले तरी चालायचं. नीट लिहायला मी बरीच उशिरा शिकले, आईच्या वर्तमानपत्राच्या पुरवण्या वाचून. पण घरात मात्र दहाव्या वर्षापासून इंग्रजीतलं सगळं माझ्याकडे आलं. गॅसचा फॉर्म, बँकेचं पत्र, औषधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं, मिक्सरची माहितीपुस्तिका. घरात काही नवं आलं की खोकं माझ्यासमोर ठेवायचं आणि दोघांनी बाजूला उभं राहायचं, मी वाचून काय सांगते ते ऐकायला. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. आता नुसता थकवा येतो. मी चुकीचं वाचलं तर ते चुकीचं आहे हे सांगणारं घरात कुणी नाही.

बोलण्याच्या बाबतीत मात्र मी कच्ची आहे. शाळेत बाई म्हणायच्या, मोठ्याने बोल. कॉलेजात म्हणायचे, तोंडातल्या तोंडात बोलू नकोस. म्हणून मी विमा कंपनीचं हे काम धरलं. ग्राहक टाइप करतात, मी टाइप करते. दिवसभरात माझा आवाज कुणाला ऐकावा लागत नाही.

*

गुरुवारी लाइन जोडायला एक गृहस्थ आले. पन्नाशीचे असतील. गळ्यात टॉवेल, खांद्याला वायरचं भेंडोळं. मी दार उघडून गप्प उभी राहिले तशी त्यांनीच विचारलं, "ताई, वायफाय तुमचाच ना?" मी मान हलवली.

बाबा खुर्चीतून उठले. बाबा हाटकेश भागातल्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं वायरमन होते. मशीनची वायरिंग, पॅनेल, मोटारी, सगळं त्यांच्याकडे. आजारपणानंतर कुणी वायर हातात घेऊन घरात आलं तर त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. ते त्या गृहस्थांच्या अगदी मागे जाऊन उभे राहिले.

"किती एमएमची आहे?"

"काका, ही करंटची वायर न्हाय. आत काच हाय. केसासारखी. मोडली की संपली."

"काच?" बाबांनी वायर डाव्या हातात धरून वजन केल्यासारखी वर-खाली केली. "आणि काचेतून काय जातं?"

"उजेड जातो."

बाबांनी वायरचं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. सत्तावीस वर्षं तांब्यात घालवलेल्या माणसाला कुणीतरी अचानक उजेडाबद्दल सांगत होतं. मग त्यांनी विचारलं, "कुठचे तुम्ही?"

"गोडदेवचाच हाय मी. गावातला." ते हसले. "तुमची बिल्डिंग हाय ना, इथं आमच्या आज्याचं शेत व्हतं. आता त्याच शेतात वायरी टाकतो."

त्यांनी खिडकीच्या चौकटीतून वायर आत घेतली, भिंतीवरून सैल सोडत टीव्हीपर्यंत आणली आणि राउटर टीव्हीच्या वर ठेवला. पांढरा, चपटा, मागे चार काळ्या दांड्या. एक लाल दिवा लागला, मग हिरवा झाला. "आता नाव न् पासवर्ड तुम्ही टाका, ताई. मागं स्टिकर हाय," म्हणून ते गेले. जाताना बाबांना म्हणाले, "काका, वायर मुरगळू नका बरं का." बाबा म्हणाले, "मला सांगता?"

खोकं माझ्यासमोर आलं. दोघं बाजूला उभी राहिली.

मी फोनवर वायफाय उघडलं तर आसपासच्या घरांची सगळी नेटवर्कं दिसली. त्या यादीत मी जरा रेंगाळले. चार वर्षं या इमारतीत राहून मी कुणाशी लिफ्टमध्ये "हो" आणि "नाही" यापलीकडे बोललेली नाही, आणि इथे सगळे ओळीने उभे होते. दोघांनी देवांची नावं दिली होती. एकाने फ्लॅटचा नंबर. एकाने इंग्रजीत लिहिलं होतं, स्वतःचं घ्या. ते कुणाचं असेल ते मला लगेच कळलं. तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात, कुणी साखर मागितली तरी दाराची साखळी न काढता देतात.

"आपलं काय नाव ठेवायचं?" मी विचारलं.

"गावदेवीचं ठेव," आई म्हणाली.

"देवीचं नाव वायफायला?" बाबा म्हणाले. "आणि नेट गेलं की काय म्हणायचं? देवी गेली?"

आई हसली. खूप दिवसांनी दोघं एकाच गोष्टीवर बोलत होती. मी शेवटी कंपनीने स्टिकरवर छापलेलं नावच तसंच ठेवलं. आमचं घर त्या यादीत ओळखू येऊ नये असं मला वाटलं. पासवर्ड बदलला, स्पीड मोजला. ऑफिसला हवा होता त्याच्या दुप्पट होता. बेडरूममध्ये दार लावून बसले तरी चारपैकी चार रेघा. मी आईला सांगितलं, झालं. आईने देवासमोर साखर ठेवली.

तिथे हे सगळं संपायला हवं होतं.

*

शुक्रवारी सकाळी बाबा खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होते. टीव्ही बंद होता.

"हे असं काम?" ते म्हणाले. "गणपतीची माळ लावून गेलाय. वायर लोंबतेय बघ. प्लग उघडा, अडॅप्टर उघडा. कुणाचा हात लागला म्हणजे?"

"बाबा, सगळीकडे असंच असतं."

"सगळीकडे असेल. वायरमनच्या घरात असं नसतं."

त्यांनी मला माळ्यावरून त्यांची पिशवी काढायला लावली. पक्कड, टेस्टर, कानस, भिंतीत ठोकायच्या गिट्ट्यांची डबी. पिशवीच्या मागे जुन्या पेपरात गुंडाळलेली पत्र्याची पेटी होती. करड्या रंगाची, दाराला कडी असलेली, कारखान्यात मीटर आणि फ्यूज बसवायला वापरतात तशी. कारखाना सोडताना त्यांनी ती मागून आणली होती, कधीतरी कामाला येईल म्हणून.

कारखान्यातली एक गोष्ट ते अनेकदा सांगतात. दुपारच्या सुट्टीत कुणीतरी पॅनेलचं दार उघडं ठेवलं आणि एक माणूस कोपर टेकून उभा राहिला. तो माणूस वाचला, पण तो हात पुन्हा कामाला आला नाही. तेव्हापासून बाबांचा एकच नियम आहे: विजेची वस्तू पेटीत, पेटीचं दार बंद, कडी लावलेली. आमच्या घरात साधी बेलसुद्धा पेटीत आहे.

दिवसभर आम्ही दोघांनी काम केलं. माझी ड्युटी दुपारची होती, तोपर्यंत मी हाताशी होते आणि नंतर चहाच्या सुट्टीत पुन्हा. भिंतीला भोक पाडायचं होतं. ड्रिल त्यांनी डाव्या हातात धरलं, उजवा नुसता वर ठेवला, आणि मी मागून दोन्ही हातांनी जोर दिला. "दाब, बाय. सरळ दाब. मनात काय विचार करतेस? भिंतीत दाब." पेटीला वायर जायला भोक पाडून त्यांनी त्याच्या कडा कानशीने घासल्या. बोट फिरवून बघितलं. पुन्हा घासल्या. मग भोकात रबराचा बूश बसवला, काचेची वायर पत्र्याने कापू नये म्हणून. भिंतीवर प्लास्टिकची पोकळ पांढरी पट्टी मारली आणि तिच्यातून वायर नेली. कोपऱ्यावर तांब्याची वायर ते काटकोनात वळवतात, ही मात्र हळूच गोल वळवली. त्या गृहस्थांचं म्हणणं त्यांनी मनात ठेवलं होतं. जास्तीची वायर पट्टीत बसेल तेवढीच ठेवून बाकीची त्यांनी खिडकीबाहेर मागे ओढून बांधली. राउटर पेटीत चार स्क्रूंनी आवळला. दांड्या मावेनात तेव्हा त्या आडव्या केल्या. दार लावलं. कडी घातली.

एकही वायर दिसत नव्हती. बाहेरच्या दाराशेजारी भिंतीवर एक करडी पेटी, तिला जाणारी सरळ पांढरी रेघ. ते दोन पावलं मागे गेले आणि बघत राहिले. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

"आता बघू दे त्याला येऊन," ते म्हणाले.

संध्याकाळी आईने शेजारच्या काकींना बोलावून दाखवलं. काकी म्हणाल्या, "भाईसाब, ये तो बिलकुल ऑफिस जैसा कर दिया." बाबांनी हात हलवून ते उडवून लावलं, पण रात्री जेवताना दोन भाकऱ्या खाल्ल्या.

*

शनिवारी दुपारी टीम लीडरने सरावाचा कॉल ठेवला होता. ती इंग्रजीतच बोलते; इथे मी मराठीत लिहितेय.

"तू ऐकू येत नाहीयेस," ती म्हणाली.

मी जरा जोरात बोलले.

"अजून नाही. तुटतंय."

मी माइक तोंडाजवळ घेतला. खरं सांगायचं तर मला आधी वाटलं, माझाच दोष आहे. आयुष्यभर लोक मला हेच सांगत आलेत. मी घसा खाकरून ओरडल्यासारखी बोलले. स्क्रीनवर तिचा चेहरा अर्ध्यात थांबला होता, तोंड उघडं, डोळे मिटलेले. मग कॉलच बंद पडला. फोनवर तिचा मेसेज आला: सोमवारी असं चालणार नाही, डिअर. तपासणी करणारे वेगळे आहेत, मी काही करू शकणार नाही.

मी रेघा बघितल्या. चारपैकी एक. मध्येच तीही नाही. लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये गेले, दोन झाल्या. पेटीसमोर उभी राहिले, तीन. बाबा हॉलमधल्या कॉटवर झोपले होते. मी कडी काढून पेटीचं दार उघडलं. बेडरूममध्ये जाऊन बघितलं, दोन. खोलीचं दार लावलं, एक.

मग फोनवर शोधलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: राउटर धातूच्या कपाटात किंवा पेटीत ठेवू नका. मी ते तीनदा वाचलं. घरात इंग्रजी वाचणारी मी. माहितीपुस्तिका माझ्या हातात दिली होती. तिच्या चौथ्या पानावर चित्रही होतं, कपाटावर फुली मारलेलं. मी फक्त नाव आणि पासवर्डाचं पान वाचून ती बंद केली होती. आणि काल दिवसभर मीच मागून दाबत होते.

उठल्यावर बाबांनी पेटीची कडी निघालेली पाहिली.

"कुणी उघडली?"

"मी. दिवा बघायला."

"उघडी ठेवायची नाही, बाय. सांगितलंय ना." त्यांनी कडी घातली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला.

दीड वर्षात त्यांनी पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलं होतं. डॉक्टर त्यांना रबराचा चेंडू दाबायला सांगतात, तो ते दोन मिनिटांत फेकून देतात. पेटीच्या कडा मात्र तासभर घासत बसले होते. हे काम चुकलं असं त्यांना कसं सांगणार? मी रविवार वेगवेगळे उपाय करण्यात घालवला. टेबल भिंतीपासून हलवलं. मग दुसऱ्या भिंतीला लावलं. मोरीच्या दाराशी स्टूल ठेवून बसून बघितलं. तिथे दोन रेघा यायच्या, पण तपासणीत बंद दाराची खोली लागते, आजूबाजूला कुणी नको, लोकांचे विम्याचे कागद असतात म्हणून. आईने विचारलं, "काय गो, सारखी फर्निचर काय हलवतेस?" मी म्हटलं, उजेड येतो डोळ्यांवर.

खोटं बोलायलाही ताकद लागते. रविवार संपता संपता माझ्याकडे ती उरली नाही. गादीवर पडून मी मनातल्या मनात आईच्या जागी बसून बघितलं: सकाळी साडेसातला तिची चप्पल दाराशी तशीच पडलेली आहे आणि ती आत चहा गाळतेय. मग बाबांच्या जागी. दोन्हीकडून झोप येईना.

*

सोमवारी आई नेहमीसारखी गेली. जाताना म्हणाली, "घाबरू नको. विचारतील त्याला उत्तर दे. जरा मोठ्याने."

दहा वाजून वीस मिनिटांनी बाबा आंघोळीला गेले. दाराला आतून कडी लावायची नाही असं आमचं ठरलेलं आहे, आणि बाहेरून मी पाण्याचा आवाज ऐकत राहायचं. पाणी सुरू झालं. मी त्यांच्या पिशवीतला स्क्रू ड्रायव्हर घेऊन पेटीसमोर उभी राहिले. दार उघडलं. पहिला स्क्रू घट्ट होता. त्यांनी एका हाताने आवळलेला, तरी फिरेना. मी दोन्ही हातांनी जोर लावत होते, आणि पाण्याचा आवाज कधी थांबला ते मला कळलं नाही.

"काय करतेस?"

ते मोरीच्या दारात टॉवेल लावून उभे होते. केसातून पाणी गळत होतं.

मला मराठीत वाक्य सापडेना. इंग्रजीतही सापडलं नसतं.

"बाबा, पेटीमुळे... आत येत नाही."

"काय येत नाही?"

"नेट. बेडरूममध्ये. पत्र्यातून जात नाही ते."

ते हळूहळू भिंतीला धरून पुढे आले. पेटीकडे बघितलं, माझ्या हातातल्या स्क्रू ड्रायव्हरकडे बघितलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"शनिवारपासून."

"आज काय वार?"

मी स्क्रू ड्रायव्हर पाठीमागे घेतला.

"दोन दिवस मी इथे बसून त्या पेटीकडे बघतोय. दोन दिवस. आणि तुला माहीत होतं." आवाज चढला नव्हता, पण शब्द एकेक करून येत होते, चिडल्यावर येतात तसे. "शेजारणीला बोलावून दाखवली तुझ्या आईने."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं! सत्तावीस वर्षांत माझं काय कधी चुकलं नाही? सुपरवायझर चार माणसांत ओरडायचा, मोटार फिरत नाही, काढ. काढायचं आणि पुन्हा करायचं. फॉल्ट माहीत असून जो बोलत नाही त्याला आम्ही पॅनेलला हात लावू देत नव्हतो." त्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. "मला लहान पोर समजतेस होय गो तू?"

मी रडले नाही. मला ते जमतही नाही कुणासमोर. मी नुसतं घड्याळाकडे बघितलं, आणि त्यांनी माझ्याकडे बघून घड्याळाकडे बघितलं. दहा बत्तीस.

"किती वाजता आहे तुझं?"

"अकरा."

"मग उभी काय राहिलीस? आधी बटन बंद कर. चालू लाइनवर स्क्रू खोलतेस?"

मी बटन बंद केलं. "डावीकडचा खालचा आधी. दाबून धर आणि मग फिरव. दाबल्याशिवाय फिरवलंस तर डोकं खराब होईल. हां. आता समोरासमोरचा." ते सांगत गेले, मी करत गेले. त्यांना एकदा राहवलं नाही, त्यांनी उजवा हात पुढे केला, स्क्रू ड्रायव्हर बोटांत धरून बघितला आणि परत माझ्या हातात दिला. चार स्क्रू निघाले. काचेची वायर मी बूशमधून काढायला लागले तर म्हणाले, "ती राहू दे. मोडशील. राउटर तिच्यासकट बाहेर घे."

पण जास्तीची वायर बाहेर बांधलेली होती. आत होती ती पेटीपासून जेमतेम दोन हात पुढे यायची. टीव्हीपर्यंत नाही, टेबलापर्यंत नाही. बेडरूमच्या दारासमोर, हवेत, तिथे ती संपत होती. तिथे ठेवायला काहीच नव्हतं. स्टुलाची उंची कमी पडली, वायर ताणली जायला लागली.

"दे इकडे," बाबा म्हणाले.

त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ओढून बेडरूमच्या दाराशी घेतली, बसले आणि राउटर छातीशी धरला. डाव्या हाताने खालून, उजवा वरून नुसता ठेवलेला. मी एक्स्टेंशनमधून प्लग दिला. लाल दिवा लागला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. तो लालच राहिला. दहा पंचेचाळीस. अठ्ठेचाळीस. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात हिरवा झाला.

"जा आत. दार लाव."

"बाबा, तुम्ही ओले आहात. शर्ट..."

"जा म्हणतो ना!"

चार रेघा.

तपासणी करणारी बाई वेगळीच होती, टीम लीडर नुसती स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत होती. कॅमेरा फिरवून खोली दाखवायला सांगितली. दार बंद आहे का? घरात कोण आहे? वडील आहेत, मी म्हटलं. या खोलीत आहेत का? नाही. ते काय करतायत? बाहेर बसलेत, म्हटलं. मग प्रश्न सुरू झाले: अमुक ग्राहक असं म्हणाला तर काय कराल, कागद कुणाला दाखवाल, लाइन गेली तर किती वेळात कळवाल. वीस मिनिटं मी बोलत होते. इतका वेळ सलग मी कुणाशीच बोललेली नसेन. एकदाही तिने म्हटलं नाही की ऐकू येत नाही. दाराच्या फटीतून मला बाबांचा खोकला ऐकू आला, आणि लगेच दाबलेला.

"ठीक आहे," ती बाई म्हणाली. "सहा महिन्यांसाठी मंजूर. मग पुन्हा बघू."

कॉल बंद झाल्यावर मी लॅपटॉप मिटला. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त आडवं व्हावंसं वाटत होतं. सहा महिन्यांनी पुन्हा.

दार उघडलं तर बाबा तसेच बसले होते. केस वाळले होते. टॉवेलवर पाण्याचा डाग होता, अंगावर काटा आलेला. राउटर छातीशी तसाच. डाव्या हाताची नस उडत होती.

"झालं?"

"झालं. आईला सांगा, सहा महिने तरी जा म्हणावं."

त्यांनी राउटर माझ्या हातात दिला. मग आपला तळहात उलटासुलटा करून बघितला. तो लाल झाला होता.

"गरम होतो गो हा," ते म्हणाले. "बंद पेटीत जळला असता आज ना उद्या. ह्याला हवा लागते. त्या गोडदेववाल्याने एवढं तरी सांगायला पाहिजे होतं."

मी हो म्हटलं. कोरड्या टॉवेलने त्यांची पाठ पुसली, शर्ट दिला, बाही चढवायला मदत केली. चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर ते मागोमाग आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले. असे ते सहसा येत नाहीत.

"काय काय विचारलं त्यांनी?"

एरवी मी म्हणाले असते, काही नाही, ऑफिसचं. मी नेहमी तेच म्हणते. त्या दिवशी पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली. कॅमेरा कसा फिरवायला लावला, ती बाई कशी दिसत होती, कागदांबद्दल काय म्हणाली. काही शब्द मराठीत मला आले नाहीत, ते मी इंग्रजीत म्हणून मग समजावून सांगितले. दूध उतू गेलं. मी गॅस बारीक केला आणि सांगत राहिले.

"आणि लाइन गेली तर?" बाबांनी विचारलं. "तेव्हा काय म्हणालीस तू?"